उपयोगाच्या तराजूत तोललेली माणसे

कथा-कादंबरीत आणि चित्रपटात चारचौघांहून निराळा माणूस येतो, तेव्हा तो बहुधा दोनच रूपांत येतो. एक तर तो दयेचा विषय असतो, नाहीतर अलौकिक बुद्धीचा धनी. दोन्ही रूपांत तो आपल्यापासून दूर उभा राहतो. त्याच्या शेजारी बसावे, दोन शब्द बोलावे, असा प्रसंग वाचकावर येत नाही. ॲस्परगर सिंड्रोम या नावाने ओळखल्या गेलेल्या व्यक्तींच्या चित्रणात ही उणीव अधिकच खटकते, कारण या व्यक्तींची अडचण मुख्यतः भेटण्या-बोलण्यातच प्रत्ययास येते. शब्दांमागचा न बोललेला अर्थ, नजरेतला इशारा, गर्दी, गोंगाट, अनपेक्षित स्पर्श यांनी त्यांची त्रेधा उडते. म्हणून त्यांच्याविषयीच्या कलाकृतीची कसोटी साध्या भेटीच्या प्रसंगांतच घ्यायला हवी, असे आम्हाला वाटते. या कसोटीवर आम्ही येथे दोन कृती पाहत आहोत : मार्क हॅडन यांची इंग्रजी कादंबरी 'द क्युरिअस इन्सिडंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' (२००३) आणि करण जोहर दिग्दर्शित हिंदी चित्रपट 'माय नेम इज खान' (२०१०).

प्रथम या नावाविषयी थोडे. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हान्स ॲस्परगर यांनी १९४४ साली काही मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही मुले इतरांत मिसळत नसत, मात्र आवडत्या विषयात खोलवर शिरत. लोर्ना विंग या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ विदुषीने १९८१ साली या लक्षणसमूहाला ॲस्परगर यांचे नाव जोडले. १९९४ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या सूचीत ते स्वतंत्रपणे नोंदले गेले आणि २०१३ साली ऑटिझमच्या व्यापक पटात विलीन झाले. स्वतःची ओळख म्हणून हे नाव आजही वापरणारे अनेक जण आहेत. मात्र २०१८ साली इतिहासकार हेरविग चेक यांनी जुनी कागदपत्रे पुढे आणली आणि या नावावर काळी सावली पडली. नाझी राजवटीत व्हिएन्नाच्या 'आम श्पीगेलग्रुंड' या संस्थेत शेकडो अपंग मुलांचे जीव घेतले गेले. ॲस्परगर यांनी तेथे मुले पाठवली होती. १९४१ साली त्यांच्या शिफारशीने तेथे गेलेली एक लहान मुलगी दोनच महिन्यांत मरण पावली. कॅथलिक युवक चळवळीत वावरलेला हा डॉक्टर काही मुलांच्या गुणांची वाखाणणी करीत होता आणि ज्यांचा समाजाला उपयोग दिसत नव्हता अशा इतर काहींची तशी पाठवणी करीत होता. उपयोगाच्या तराजूत माणूस तोलला की शेवट कोठे होतो, हे आम्हा ख्रिस्ती वाचकांनी विसरता कामा नये. तो तराजू कलाकृतींतही लपलेला असू शकतो.

हॅडन यांच्या कादंबरीत ॲस्परगर हा शब्द येत नाही. तो पुस्तकाच्या वेष्टणावरील परिचयात आला, आणि हे पुस्तक त्या विकाराविषयीचे नव्हे, असे लेखकाने पुढे स्पष्टही केले. स्विंडन या इंग्रजी गावातील पंधरा वर्षांचा ख्रिस्तोफर बून आपली हकीकत स्वतः सांगतो. मध्यरात्री शेजारणीच्या अंगणात तिचा कुत्रा मेलेला त्याला दिसतो. तो त्याला कवटाळून बसतो. पोलीस येतो आणि एकामागून एक प्रश्न विचारत सुटतो. कारखान्यातल्या यंत्रावर पाव साचत जावेत तसे ते प्रश्न मुलाच्या डोक्यात साचतात. तो गवतावर पालथा पडून कण्हू लागतो. पोलीस त्याचा दंड धरतो, आणि मुलगा त्याला मारतो.

बाहेरून पाहणाऱ्याला या प्रसंगात एक आडदांड पोरगा दिसेल. कादंबरी मात्र आपल्याला मुलाच्या बाजूला नेऊन बसवते, आणि तेथून पाहता घाई करणारा पोलीसच आडदांड दिसतो. पोलीस दुष्ट नाही. त्याने क्षणभर थांबून एकच प्रश्न विचारला असता तर पुढचे टळले असते, एवढेच. पुढे ठाण्यात वडील येतात. मुलाला मिठी सोसत नाही, म्हणून ते हाताची बोटे पंख्यासारखी पसरतात. मुलगाही पसरतो, आणि बोटांची टोके टोकांना टेकतात. आमच्या मते साऱ्या पुस्तकातील हे सर्वांत मोलाचे दृश्य होय. प्रेम कसे व्यक्त करावे हे येथे प्रेम करणाऱ्याने एकट्याने ठरवलेले नाही.

याच वडिलांनी मुलाची आई मेल्याचे खोटे सांगितलेले असते. खोटे बोलता न येणारा मुलगा आणि त्याच्या भल्यासाठी म्हणून खोटे बोलणारी थोर माणसे, असा हा सामना आहे. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने शपथेची गरज पडू नये असे सरळ बोलणे शिष्यांकडे मागितले. त्या मागणीच्या जवळ येथे कोण उभा आहे, हा प्रश्न वाचकाच्या मनात राहतो. कादंबरीत एक दोष मात्र आहे. ख्रिस्तोफर गणितात असामान्य आहे आणि शेवट त्याच्या परीक्षेतील यशाने होतो. गणित न येणाऱ्या ख्रिस्तोफरची हकीकत कोणी लिहिली असती का, अशी शंका येते.

'माय नेम इज खान'मध्ये हाच दोष फार मोठा होऊन येतो. शाहरुख खान यांनी रंगवलेला रिझवान बोरिवलीत वाढतो आणि पुढे अमेरिकेत भावाकडे जातो. बोरिवलीचा भाग साधा व सुंदर आहे. दंगलीच्या दिवसांत आई त्याला शिकवते की माणसांच्या जाती दोनच, चांगली आणि वाईट. आणि तो ते शब्दशः, जन्मभरासाठी, स्वीकारतो. पुढे मुलाच्या मृत्यूने वेडीपिशी झालेली पत्नी मंदिरा त्याला संतापाने बोलून जाते की, राष्ट्राध्यक्षांना जाऊन सांग, तू दहशतवादी नाहीस. तो खरोखरच निघतो. दुःखाच्या भरात टाकलेला शब्द ऐकणाऱ्याने खरा मानला तर काय घडते, ही कल्पना थोर आहे. विमानतळावर त्याचे पुटपुटणे आणि नजर टाळणे संशयास्पद ठरते, तो प्रसंगही खराच वाटतो.

परंतु नंतर दिग्दर्शकाचा धीर सुटतो. वादळाने बुडालेल्या गावाला रिझवान वाचवतो, वृत्तवाहिन्यांवर झळकतो आणि अखेर राष्ट्राध्यक्षांपुढे उभा राहतो. समाजाने त्याला मानावे यासाठी त्याने एवढा पराक्रम करून दाखवणे जणू आवश्यक झाले. खेदाची गोष्ट अशी की, याहून चांगले उत्तर याच चित्रपटात आधी येऊन गेलेले आहे. जॉर्जियातील एका खेड्यात मामा जेनी नावाची गरीब कृष्णवर्णीय बाई त्याला घरात घेते. तेथल्या चर्चमध्ये तो आपल्या मृत मुलाविषयी अडखळत बोलतो आणि सारी मंडळी शांतपणे ऐकते. तोवर त्याने त्यांच्यासाठी काहीही केलेले नसते. चित्रपट येथेच संपता तर आम्ही त्याला निःसंकोच मोठा म्हटले असते.

या विषयावरील आपली मराठी परिभाषाही तपासण्याजोगी आहे. ऑटिझमसाठी 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला. शब्द सुबक आहे, पण तो न्याय आधीच देऊन टाकतो : हा माणूस स्वतःतच रमलेला आहे, त्याला आपली पर्वा नाही. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली याउलट विचार मांडला. परस्परांना न समजणे हे दुहेरी असते. त्यांना आपण कळत नाही, तसे आपल्यालाही ते कळत नाहीत, मात्र दोष एकाच्याच माथी मारला जातो. हॅडन यांच्या कादंबरीतील पोलीस या विचाराचे उत्तम उदाहरण ठरावा.

आमच्या धर्मग्रामांना हे परके नाही. मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात भेटीगाठी होतात. 'या की एकदा घरी' असे आपण दहा जणांना म्हणतो. अकरावा खरोखरच संध्याकाळी दारात उभा राहिला तर त्याला विक्षिप्त ठरवतो. ध्वनिवर्धकाचा आवाज सोसेना म्हणून कान झाकणाऱ्या मुलाकडे आणि त्याच्या आईकडे माना वळतात. शांतीची खूण मात्र भारतीय उपासनेत हात जोडून दिली जाते. ज्याला स्पर्श सोसत नाही त्यालाही ती निर्धास्तपणे देता-घेता येते. बोटांच्या त्या पंख्याचा आपला अवतार आपल्या हाती आधीच आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॅटिकनमध्ये ऑटिझमविषयी परिषद भरली, तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी या व्यक्तींचे व त्यांच्या कुटुंबांचे एकटेपण आणि त्यांच्यावरील कलंक दूर करण्याचे आवाहन केले होते. त्याचा आरंभ अशा लहान रीतींतूनच होऊ शकतो.

आमच्या लेखकांकडूनही आमची एक अपेक्षा आहे. नाताळ विशेषांकांतील कथांमध्ये असा माणूस आला तर तो बहुधा 'वेडसर' म्हणून हसण्यापुरता येतो, किंवा शेवटी कोणाचा तरी जीव वाचवून पावन होतो. त्याने कोणालाही न वाचवता, गणितही न सोडवता, कथेत नुसते बसावे, बोलावे, आणि त्याच्या बोलण्याने आपल्या बोलण्यातील पोकळी वाचकाला दिसावी, अशी कथा आम्हाला वाचायची आहे. देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेल्या माणसाला कथेत प्रवेश मिळण्यासाठी आणखी पात्रता लागू नये.