‘सगळ्यांना चालेल असे आणा’

परिवर्तनवादी म्हणवणाऱ्या मंडळींत अलीकडे अंगतपंगतीला एक वेगळीच प्रतिष्ठा आली आहे. महाविद्यालयाचा प्राध्यापक-कक्ष असो, सोसायटीचे महिला मंडळ असो की एखाद्या शिबिराचा शेवटचा दिवस असो, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणावा, डबे एका टेबलावर मांडावेत आणि ज्याने त्याने आपल्या हाताने वाढून घ्यावे. इथे कोणी यजमान नाही, कोणी आश्रित नाही, म्हणून ही पंगत समतेची. घरची पंगत मात्र सरंजामी, कुळाचाराने बांधलेली, बायकांना चुलीशी जुंपणारी, असा हा हिशेब आहे. त्यातला दुसरा अर्धा भाग बराचसा खरा आहे. पहिल्या अर्ध्या भागाविषयी मात्र मला शंका आहे, आणि ती आपल्याच साहित्याने निर्माण केलेली आहे.

गावगाड्यालाही एक सामुदायिक जेवण ठाऊक होते. येसकराच्या पाळीवर असलेला महार घरोघर फिरून भाकर मागे. पाटलाच्या घरची कोर, कुणब्याच्या घरची चतकोर, कुठले शिळे कोरड्यास, सगळे एका टोपलीत जमे. अख्ख्या गावाच्या चुलींवरचे अन्न असे एकत्र येई आणि ते एकच वस्ती खाई. उलट दिशेने, महारवाड्यातून गावाकडे, भाकरीचा तुकडाही कधी गेला नाही. जातिव्यवस्थेने दलिताला खाणारा म्हणून कधीच नाकारले नव्हते. उष्टे-शिळे खपवायला तो तिला हवाच होता. तिने नाकारला तो रांधणारा दलित. सहभोजनाच्या कोणत्याही प्रकाराची परीक्षा करायची तर ती याच ठिकाणी केली पाहिजे. कोण कोणाशेजारी बसले हे पाहून भागत नाही, कोणाच्या हातचे कोणाच्या पोटात गेले हे पाहावे लागते.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’च्या (१९८४) आरंभी शाळेच्या सहलीचा प्रसंग येतो. ज्याने त्याने आपली शिदोरी आणलेली. म्हणजे तत्त्वतः ही अंगतपंगतच. पण सवर्ण मुलांची पंगत वेगळ्या झाडाखाली आणि महारांच्या मुलांची वेगळ्या झाडाखाली. तिकडे नाना पदार्थ, इकडे वाळकी भाकर-चटणी. जेवणे झाल्यावर तिकडचे उरलेले इकडे येते आणि भुकेली मुले त्यावर तुटून पडतात. घरी आल्यावर आई विचारते, मला थोडे का नाही आणलेस? या प्रसंगावर आपल्या समीक्षकांनी पुष्कळ लिहिले, ते बहुतेक भुकेविषयी. पण प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे, ती निसटली. पोळी या झाडाकडून त्या झाडाकडे येऊ शकते. चटणी-भाकर मात्र परत जाऊ शकत नाही. मुलांना हे कोणी शिकवावे लागत नाही. आणि वर गुरुजी याच सहलीवर निबंध लिहायला सांगतात!

उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) हीच गोष्ट अधिक सभ्य रूपात भेटते, म्हणून मला ती अधिक महत्त्वाची वाटते. वर्गातल्या मुली मिळून जेवण करायचे ठरवतात, कोणी काय आणायचे याची वाटणी होते. हिला मात्र जिन्नस आणायला सांगत नाहीत, पैसे द्यायला सांगतात. पैशाला विटाळ नाही. मुलगी आनंदाने जेवते, तर मागाहून चर्चा होते ती तिने किती खाल्ले याची. पवारांनी यावर व्याख्यान झोडलेले नाही. पण अंगतपंगतीची सगळी मेख इथे उघडी पडली आहे. वर्गणीदार म्हणून ती चालते, खाणारी म्हणून चालते (चेष्टेला विषय होते), पण तिच्या घरच्या डब्यातले तांदूळ पातेल्यात पडता कामा नयेत. मुली दुष्ट होत्या असे नाही. त्यांच्यापैकी कोणाला आपण अस्पृश्यता पाळतो असे वाटलेही नसेल.

आजच्या अंगतपंगतीत पैसे मागत नाहीत, भाषा बदलली आहे. यादी आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि तिच्या खाली एक ओळ असते : सगळ्यांना चालेल असे आणा. हे ‘सगळे’ कोण? सुकट चालत नाही, बोंबील चालत नाहीत, वजडीचे तर नाव काढायला नको. मोठ्याच्या मटणाची गोष्ट २०१५ च्या कायद्याने बैलही संरक्षित केल्यावर कुजबुजीपुरतीच उरली. अंडेसुद्धा वेगळ्या टेबलावर. ज्याचा निषेध सर्वांत मोठा त्याची चव ‘सगळ्यांची’ ठरते, आणि ज्याला सगळेच चालते त्याच्या चवीला जागा राहत नाही. मी ज्या महाविद्यालयात काही वर्षे शिकवले तिथे अशा पंगती दर वर्षी होत. आमच्यातल्या दोन बाईंच्या वाट्याला कायम केळी, पत्रावळी किंवा दुकानातले गुलाबजाम येत. “तुम्ही लांबून येता, तुम्हाला त्रास नको,” असे प्रेमाने सांगितले जाई. एका वर्षी त्यांतल्या एकीने हट्टाने घरून डाळबट्टी केली. डबा टेबलावर होता, झाकणही काढलेले होते. कोणी नको म्हटले नाही. “पोट भरले हो,” एवढेच. संध्याकाळी त्यांनी तो तसाच भरलेला उचलला.

अंगतपंगतीची खरी सोय ही अशी आहे. घरी जेवायला बोलावले आणि ताटातले टाकून पाहुणा उठला तर तो अपमान उघड असतो, त्याचा जाब विचारता येतो. इथे वीस डब्यांतून पंधराच चाखले तर कोणाला काय विचारणार? निवडीचे स्वातंत्र्य आहे ना! ज्याला सोवळे पाळायचे आहे त्याला आपलाच डबा खाऊन, समतेच्या टेबलाशी उभे राहून, ते पाळता येते. यावर आपल्यातल्या मध्यमवर्गाने शोधलेला उपायही ध्यानात घेण्यासारखा आहे : पनीर न्यावे, नाही तर नामांकित दुकानाची मिठाई न्यावी. दुकानातला पदार्थ जात सांगत नाही. पण मग आपण त्या टेबलावर नेमके काय घेऊन गेलो?

हा पेच नवा नाही. १८४९ साली मुंबईत निघालेल्या परमहंस सभेत दीक्षा घेताना ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे. पण तो गुप्तपणे. आणि १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली तेव्हा सभाच विस्कटली. पुढे अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजने घडवून आणली. त्यांच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरी झुणका-भाकर हा ‘सगळ्यांना चालणारा’च पदार्थ होता आणि त्याला सत्यनारायणाची जोड होती, हे विसरता येत नाही. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये याचा निकालच लावला. कित्येक जातींत परस्परांत जेवणे चालते, तरी त्याने जातीची भावना मेलेली नाही. खरा उपाय मिश्रविवाह, आणि त्याच्याही मुळाशी शास्त्रांच्या पावित्र्यावरचा विश्वास मोडणे. सहभोजनाला ते विरोध करत नव्हते, त्याच्यावर संतुष्ट होण्याला करत होते.

मग घरची पंगत बरी काय? सवर्ण घरातली पंगत तर जातीचा बालेकिल्लाच आहे. २०१७ मध्ये पुण्यात एका उच्चशिक्षित बाईंनी स्वयंपाकीणबाईंनी जात लपवून गौरी-गणपतीचा आणि श्राद्धाचा स्वयंपाक केला अशी पोलिसांत तक्रार नोंदवली. गदारोळ झाल्यावर ती मागे घेतली. त्या स्वयंपाकाला चव नव्हती अशी तक्रार नव्हती. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात शाळेतल्या सवर्ण मुलांनी दलित स्वयंपाकीणबाईंच्या हातचे खायला नकार दिला, तेव्हाही अन्न तेच होते, हात दुसरा होता. आणि आपल्या घरची पंगत? बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये कोवळ्या सुनांच्या भाकऱ्या थापण्याचे, सासूच्या जाचाचे जे वर्णन केले आहे ते वाचल्यावर घरच्या जेवणाविषयी हळवे होण्याची सोय उरत नाही. चौदा एप्रिलला वस्तीत पंगती उठतात तेव्हा शेवटच्या पंगतीला कोण बसते आणि तिच्या वाट्याला रस्सा किती उरतो, हे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत आहे.

तरीही एक फरक मला दिसतो. दलिताच्या घरी, त्याच्या चुलीवर शिजलेले, घरधनीण वाढील ते, निवड न करता जेवणे यात पळवाट नाही. म्हणून तर पुढारी मंडळींना ते इतके जड जाते. मे २०१८ मध्ये अलीगढ जिल्ह्यात उत्तर प्रदेशच्या एका मंत्र्यांनी दलिताच्या घरी भोजन केले. अन्न, पाणी आणि ताटेसुद्धा बाहेरून आणवली असा आरोप झाला, मंत्र्यांनी तो नाकारला. आरोपात तथ्य असेल तर घर दलिताचे, जमीन दलिताची, छायाचित्रात दलित. फक्त चूल पेटलेली नाही.

आता आपल्या समीक्षेविषयी. दलित आत्मकथनांतले अन्न आपण भूक या एकाच मथळ्याखाली वाचत आलो. भूक होतीच, तिचे वाचन आवश्यकच होते. पण त्यामुळे दलित माणूस साहित्यातही खाणाराच राहिला, सवर्णाच्या उष्ट्याकडे डोळे लावलेला. त्याच्या घरात काही शिजत होते, त्याला चव होती, ती साधणारी आई-आजी होती, हे बाजूला पडले. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून ही बाजू मांडली. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरची रक्ती, वजडी, चान्या, दूध-तूप नसलेल्या चुलीवरचे कोरड्यास, हे सगळे त्यांनी कृतीसह नोंदवले. ‘रुचिरा’च्या (१९७०) शेजारी हे पुस्तक ठेवून पाहावे म्हणजे ‘मराठी जेवण’ या शब्दातून आजवर कोण वगळले गेले ते कळते. पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २०२४ साली आला आणि त्याची वाहवा झाली. मराठी समीक्षेने मात्र त्याला समाजशास्त्राच्या कप्प्यात टाकले; साहित्य म्हणून, गद्य म्हणून, आठवणीचा एक प्रकार म्हणून त्याची नीट चिकित्सा अद्याप झालेली नाही. पाककृती सांगताना लेखकाची भाषा कुठे कोरडी होते, कुठे विनोदाला येते, कुठे आईविषयी बोलताना थांबते, हे कोणी तपासले आहे? आपल्या विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी भुकेचा विषय काही वर्षे बाजूला ठेवावा आणि हा डबा उघडावा. वासाने नाक मुरडणारे मार्गदर्शक भेटतील, त्यांची नावे आपल्याला माहीत आहेतच.