‘लक्ष्यवेधी’ नॅनोवाहक : एका संज्ञेची चिकित्सा

प्रस्तावना : रसायनोपचारातील औषध केवळ कर्कपेशींपर्यंत पोहोचावे, या अपेक्षेतून नॅनोवाहकांची संकल्पना पुढे आली. पुण्यातील संशोधकांना नॅनोकणांचे क्षेत्र नवे नाही. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्कापासून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण घडविल्याचे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र कण घडविणे आणि औषध वाहणारा कण शरीरात इष्ट स्थळी पोहोचविणे, हे दोन भिन्न प्रश्न होत. ‘लक्ष्यवेधी’ या विशेषणाने हा भेद झाकला जातो.

विवेचन : अर्बुदातील सच्छिद्र रक्तवाहिन्यांमुळे मोठे रेणू तेथे साचतात, असे मात्सुमुरा व माएदा यांनी १९८६ मध्ये मांडले. डॉक्सोरुबिसिन वाहणाऱ्या लायपोसोमला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. मुंबईच्या सन फार्मा समूहाचे ‘लिपोडॉक्स’ याच जातीचे. २०१२ मधील टंचाईच्या काळात अमेरिकी औषध प्रशासनाने त्याच्या तात्पुरत्या आयातीस अनुमती दिली होती. परंतु या लायपोसोमवर कर्कपेशी ओळखणारा कोणताही रेणू नाही. त्याचा प्रमुख लाभ म्हणजे हृदयावरील दुष्परिणाम घटणे. तळहात व तळपायांच्या त्वचेचा त्रास मात्र वाढतो. अर्थात, येथे यश लक्ष्यवेधाचे नसून मुख्यतः हानी टाळण्याचे आहे.

टोरांटो येथील संशोधकांनी २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतील प्राणिप्रयोगांचे विश्लेषण केले. त्यात टोचलेल्या नॅनोकणांपैकी अर्बुदापर्यंत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण अवघे ०.७ टक्के आढळले. ओळखरेणू जोडलेल्या कणांसाठी ते ०.९, तर न जोडलेल्यांसाठी ०.६ टक्के होते. उरलेल्यांपैकी बराच भाग यकृत व प्लीहा अडवितात. या मोजमापपद्धतीवर पुढे आक्षेप घेतले गेले, आणि ते विचारार्ह आहेत. कारण वाहकाविना दिलेल्या औषधाचाही अल्पांशच अर्बुदात पोहोचतो. म्हणून खरी कसोटी या दोहोंच्या तुलनेची आहे.

निष्कर्ष : कणाचा आकार, पृष्ठभार आणि काचपात्रातील पेशींचा मृत्यू एवढ्यावर प्रबंध थांबत असेल, तर त्याच्या शीर्षकात ‘लक्ष्यवेधी’ हा शब्द योजणे उचित नाही. इतर अवयवांतील संचय आणि मुक्त औषधाशी तुलना यांची नोंद मार्गदर्शकांनी व परीक्षकांनी आग्रहाने मागावी. प्रयोगशाळेत हा शब्द केवळ विशेषण असतो. रुग्णाच्या कुटुंबापर्यंत पोहोचताना त्याचे आश्वासन होते.