परग्रहावरची भाषा आणि शेजारची भाषा

परग्रहावरच्या लोकांना लेखक जेव्हा भाषा देतो, तेव्हा तो त्यांना घरही देतो का? विज्ञानकथेविषयी लिहिताना आपले समीक्षक बहुधा विज्ञान खरे की खोटे एवढेच तपासतात. भाषेचा हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मुस्लिम मराठी वाचकाने तो विचारायला हवा, कारण साहित्यात आपल्यालाही अशी एक बनावट भाषा बहाल झालेली आहे.

आधी परग्रहाचे उदाहरण घेऊ. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेत क्लिंगॉन नावाची लढवय्यी जमात आहे. १९७९ च्या चित्रपटात तिच्या तोंडी थोडे शब्द आले. १९८४ च्या चित्रपटासाठी मार्क ओक्रांड या भाषाशास्त्रज्ञाने तिच्या भाषेला रीतसर व्याकरण दिले आणि १९८५ मध्ये शब्दकोशही निघाला. पुढे 'हॅम्लेट'सुद्धा या भाषेत गेले. कारागिरी म्हणून काम अव्वल आहे. पण या भाषेत सलाम-नमस्कार नाही. भेटल्यावर जे म्हणतात त्याचा अर्थ 'काय हवंय तुला?' असा होतो. समाज लढाऊ, म्हणून भाषेत अदब नाही, असा हा सरळ हिशेब. उच्चारही तसेच निवडलेले. आपली मुले मकतबात जे क़ाफ आणि ग़ैन घोटून घोटून बसवतात, त्यांच्या अगदी जवळचे घशातले ध्वनी इथे रासवटपणाची खूण ठरतात. ज्या ध्वनींनी तिलावत खुलते, त्यांनीच पडद्यावर दहशत उभी केली जाते. रासवटपणा ध्वनीत नसतो, तो ऐकणाऱ्याच्या कानात असतो.

१९९० च्या दशकात एका अमेरिकन भाषातज्ज्ञाने आपल्या लहान मुलाशी काही वर्षे क्लिंगॉनमध्येच बोलून पाहिले. तेव्हा लक्षात आले की घरात रोज लागणाऱ्या अनेक वस्तूंना या भाषेत शब्दच नाहीत. शस्त्रे होती, जहाजे होती, घर नव्हते. आमच्या मते या भाषेची सर्वांत नेमकी समीक्षा त्या पाळण्यापाशी झाली.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ओक्रांड यांचा १९७७ चा प्रबंध कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन या आदिवासी भाषेवर होता. ती अस्खलित बोलणारी शेवटची स्त्री १९३० मध्येच वारली होती. त्या जमातीचे वंशज आता ती पुन्हा शिकत आहेत. मात्र कधीच नसलेल्या माणसांच्या भाषेला जगभर जेवढे हौशी मिळाले, तेवढे या खऱ्या माणसांच्या भाषेला मिळाले नाहीत.

आपल्याकडे 'बाहुबली' (२०१५) चित्रपटातल्या कालकेय टोळीसाठी मदन कार्की यांनी किलिकी ही भाषा रचली. तिलाही व्याकरण आहे. पण प्रेक्षकाला ती ऐकू येते ती युद्धाच्या निमित्ताने. कालकेयांची चूल, त्यांची म्हातारी माणसे, त्यांचे लेकरू आपल्याला भेटत नाही. काळा रंग, भेसूर चेहरा आणि न कळणारी बोली एवढ्यावर त्यांची कत्तल प्रेक्षकाच्या मनाला सोपी होते.

याच्या उलट, परक्या भाषेची आपल्या परंपरेतली गोष्ट पाहा. कुरआनच्या सूरह नम्लमध्ये हजरत सुलैमान यांचे लष्कर मुंग्यांच्या खोऱ्यात येते. एक मुंगी इतर मुंग्यांना बिळात शिरण्याचा इशारा देते, नाहीतर हे लष्कर नकळत आपल्याला चिरडील म्हणते. सुलैमान यांना तिची भाषा कळते. ते हसतात आणि अल्लाहचे आभार मानू लागतात. मुंगीच्या भाषेतून इथे आपल्या लोकांची काळजी ऐकू येते. समोरच्या बलाढ्य राजाविषयी तिच्या मनात द्वेषही नाही, 'नकळत' म्हणून ती त्याला आधीच माफ करून टाकते. परक्या भाषेत शिरण्याची वाट ही अशी असते.

आता परग्रहावरून इटियाडोहला येऊ. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर हे धरण आहे. धानाचा मुलूख. या परिसरात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्गेलिंग ही वसाहत आहे. बाहेरून येणाऱ्याला तिथल्या पाट्यांवरची अक्षरे दुसऱ्या ग्रहावरची वाटावीत. पण ती लिपी ब्राह्मीच्या कुळातली, म्हणजे आपल्या देवनागरीच्या नात्यातली आहे. उर्दूत 'आप' आणि 'तुम' यांत जे अंतर आहे ते तिबेटीत त्याहून मोठे आहे. मोठ्यांशी बोलताना कित्येक शब्दच बदलतात. देश हातचा गेलेल्या या लोकांसाठी भाषा हेच वतन आहे. तिच्यात प्रार्थना आहे आणि उधारीचा हिशेबही आहे, अंगाई आहे आणि भांडणही आहे. जवळच्याच प्रतापगडावर महाशिवरात्रीला जत्रा भरते आणि तिथेच ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा आहे. मराठी, झाडीबोली, गोंडी, उर्दू आणि तिबेटी एका तालुक्यात नांदतात. यातली कोणतीही भाषा एका स्वभावाची नाही.

मग मराठी साहित्यातल्या मुसलमानाचीच भाषा एका स्वभावाची का? ऐतिहासिक नाटक-कादंबरीतला ठरावीक खान आठवा. तो जे बोलतो ते उर्दू नसते, दखनी नसते, धड हिंदीही नसते. 'या अल्ला', 'काफर', 'गिरफ्तार करो' आणि एक गडगडाटी हास्य, एवढ्यात तिचा शब्दकोश संपतो. आईला हाक कशी मारायची, भाकरीला काय म्हणायचे, याला तिच्यात शब्द नाही. ही आपली क्लिंगॉन. प्रत्यक्षात दखनीने 'नको' मराठीतून उचलून 'नक्को' केला, जोर देणारा 'च' उचलून 'मैंच' म्हटले. आदिलशाहीच्या महसुली दफ्तरात मराठी लिहिली जात होती. रंगमंचावर परग्रहावरून उतरल्यासारखा बोलणारा सरदार इतिहासात मराठी कागदांच्या गराड्यात बसलेला होता.

या बनावट भाषेला उत्तर तक्रारीने मिळत नाही, लिहिण्याने मिळते. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. हमीद दलवाई यांच्या विचारांशी आपल्यापैकी अनेकांचे मतभेद असतील, पण 'इंधन' (१९६५) मधल्या कोकणी मुसलमानांना घर आहे, गाव आहे, लाज आणि लोभ आहे, हे कोणी नाकारू शकत नाही. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागेही हीच निकड होती: आपल्या तोंडची भाषा आपणच लिहावी.

हीच कसोटी मग आपल्यालाही लागू होते. उद्या आपला एखादा कथाकार इटियाडोहच्या परिसरावर कथा लिहील. तिच्यातला तिबेटी फक्त हिवाळ्यात स्वेटर विकणारा असेल आणि गोंड फक्त मोहफुलांपुरता असेल, तर आपणही कालकेयच निर्माण केले म्हणायचे. सूरह रूममध्ये भाषांचे आणि वर्णांचे वेगळेपण ही अल्लाहची निशाणी म्हणून सांगितले आहे. निशाणी समजून घ्यायची असते, तिची नक्कल करून टाळ्या घ्यायच्या नसतात. पात्र मंगळावरचे असो, विजापूरचे असो की गोठणगावचे, समीक्षकाने लेखकाला आधी एवढेच विचारावे: याला भूक लागली, तर हा ते कोणत्या शब्दांत सांगेल?