‘द गॉफ’ : एका खेळकाव्याची चिकित्सा

गोल्फ हा मुळापासून सभ्य गृहस्थांचाच खेळ, अशी समजूत रूढ आहे. तिच्या पुष्ट्यर्थ ‘जेंटलमेन ओन्ली, लेडीज फॉर्बिडन’ या चार शब्दांच्या आद्याक्षरांतून ‘गोल्फ’ हा शब्द सिद्ध झाला, अशी व्युत्पत्तीही सांगितली जाते. ही व्युत्पत्ती टिकत नाही. आद्याक्षरांतून शब्द घडविण्याची रीत मुख्यतः विसाव्या शतकातील. हा शब्द तर स्कॉटलंडच्या १४५७ च्या कायद्यात आढळतो. धनुर्विद्येच्या सरावाकडे प्रजेचे दुर्लक्ष होते, म्हणून दुसऱ्या जेम्सच्या कारकिर्दीत फुटबॉलबरोबर गोल्फवरही बंदी घालण्यात आली. ज्या खेळामुळे राज्याच्या संरक्षणाची चिंता वाटावी, तो केवळ मूठभर सरदारांचा असणे संभवत नाही.

मग या खेळात ‘सभ्य गृहस्थ’ आला केव्हा? या प्रश्नाच्या दृष्टीने टॉमस मॅथिसन याचे ‘द गॉफ’ हे १७४३ साली एडिंबरो येथे प्रसिद्ध झालेले काव्य अभ्यसनीय आहे. केवळ गोल्फला वाहिलेले हे पहिले पुस्तक मानले जाते. शीर्षकातील वर्णलेखनही लक्षणीय आहे. स्कॉट्स बोलीत या शब्दातील लकार उच्चारातून लोपला होता. ज्या अक्षरावर उपरोक्त व्युत्पत्तीने ‘लेडीज’ना उभे केले, ते अक्षरच येथे नाही!

काव्याचे सर्ग तीन. लीथच्या माळावर कॅस्टॅलिओ व पिग्मॅलिअन यांच्यात झालेला सामना हा त्याचा विषय. क्षुल्लक प्रसंगाला महाकाव्याचा साज चढविण्याची, पोपने लोकप्रिय केलेली रीती मॅथिसनने स्वीकारली आहे. तथापि पोपच्या काव्यात या साजामुळे उच्चभ्रू समाजाचे हसे होते. मॅथिसनच्या काव्यात त्याच साजामुळे खेळाडूंची प्रतिष्ठा वाढते. थट्टेतील धार बोथट होऊन येथे गौरव उरतो. काव्य म्हणून हा दोषच होय. परंतु सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाला तोच उपयोगी पडतो.

पुढच्याच वर्षी, १७४४ मध्ये, एडिंबरोच्या नगरसभेने स्पर्धेसाठी रौप्य गोल्फदंड दिला, आणि त्या निमित्ताने तेरा नियम लिहिले गेले. उमराव व सभ्य गृहस्थ यांच्याबरोबर इतर खेळाडूंनाही प्रवेश होता. मात्र पाच शिलिंग भरावे लागत. १७६४ मध्ये ही स्पर्धा मंडळाच्या सभासदांपुरतीच मर्यादित करण्यात आली. तरीही माळावरचा खेळ सर्वस्वी गृहस्थांच्या हाती गेला नाही. १८१० च्या डिसेंबरात मसलबरा येथील क्लबाने कोळणींच्या गोल्फ-सामन्यासाठी बक्षिसे ठरविली होती.

प्रस्तुत काव्यातील सर्वांत सरस वर्णन मात्र कोणा गृहस्थाचे नाही. ते बॉबसन या चेंडू करणाऱ्या कारागिराचे आहे. चामडे कापून शिवणे, लहानशा छिद्रातून पिसे ठासणे आणि ती घट्ट होत जाताना चामडे फुगणे, या क्रिया कवीने इतक्या नेमकेपणाने टिपल्या आहेत, की १८४८ च्या सुमारास गटापर्च्याचे चेंडू आल्यावर मागे पडलेल्या त्या कसबाचा हा काव्यमय दस्तऐवजच ठरला आहे. खेळाडूंना मॅथिसनने अभिजात साहित्यातून उसनी नावे दिली. कारागिराच्या कामापाशी येताच त्याची भाषा अलंकारांपेक्षा निरीक्षणावर विसंबते. सभ्य गृहस्थाचा गौरव करण्यास निघालेल्या या काव्याला खरा जिवंतपणा आला आहे, तो श्रमाच्या वर्णनाने. गोल्फच्या इतिहासकारांनी सभासदांच्या याद्यांइतकेच लक्ष या ओळींकडेही दिले पाहिजे.