फेर, रंगमंच आणि नमुना

बहुजिनसी शहरातील सांस्कृतिक महोत्सवांचे समर्थन सामान्यतः दोन भूमिकांवरून केले जाते. निरनिराळ्या समूहांच्या कला एकत्र आल्याने परस्परपरिचय वाढतो, ही एक भूमिका. आणि लोप पावू लागलेल्या कलांचे जतन होते, ही दुसरी. समूहाची कला समूहापासून सुटी करून अन्यत्र नेता येते व तसे करताना तिच्या स्वरूपाला बाध येत नाही, हे दोहोंमागचे गृहीतक मात्र क्वचितच तपासले जाते. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील ठाकरांचा नाच ही त्या तपासणीसाठी योग्य अशी जागा आहे. हा प्रदेश मुंबईचा जुना पुरवठादार आहे. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी जाते. महोत्सवांसाठी नाच जाणे ही याच व्यवहारातली पुढची पायरी आहे काय, असा प्रश्न म्हणूनच उपस्थित होतो.

वाडीवरचा नाच फेराचा असतो. वाजवणारे मध्ये आणि नाचणारे भोवती, ही त्याची मूळ रचना. फेराला दर्शनी बाजू नसते. पाहणारा थकलेल्याची जागा घेतो, नाचणारा बाहेर येऊन पाहू लागतो. म्हणजे प्रेक्षक ही येथे स्थायी भूमिका नसून विश्रांतीची अवस्था आहे. भाद्रपदात गौरी आल्या म्हणून नाच होतो, लग्न आहे म्हणून नाच होतो. नाच आहे म्हणून लोक जमले, असा उलट क्रम तेथे नाही. महोत्सवात नेमका हा क्रम उलटतो. फेर उघडून त्याची प्रेक्षकांकडे तोंड असलेली ओळ होते, रात्रभराचा नाच काही मिनिटांत बसवला जातो आणि निवेदक त्याला ‘आदिवासी नृत्य’ असे नाव देतो. ठाकर आणि कातकरी हे दोन भिन्न समाज, ठाकरांतही ‘म’ आणि ‘क’ हे पोटभेद, हे सारे त्या एका नावात विरघळून जाते.

या स्थित्यंतराचा विचार करताना रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’तील (१९७४) मांडणी उपयोगी पडते. कलाविषयक संकल्पनाव्यूह द्विध्रुवात्मक आहे; एका टोकाला लौकिकतावाद, दुसऱ्या टोकाला अलौकिकतावाद, असे पाटणकर दाखवतात. वाडीवरचा नाच उघडच लौकिक ध्रुवाजवळचा आहे. तो रंगमंचावर आल्यावर अलौकिक ध्रुवाकडे सरकतो, प्रयोजनांतून मुक्त होऊन शुद्ध आकृतिबंध म्हणून आस्वाद्य होतो, असे म्हणण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात तसे घडत नाही. तो आकृतिबंध म्हणून पाहिला गेला असता, तर एखादा फेर चांगला की सामान्य, वाजवणारा पट्टीचा की होतकरू, असे मूल्यविधान कोणी तरी केले असते. महोत्सवात ते कोणी करत नाही. टाळ्या पडतात त्या नाच चांगला झाला म्हणून नव्हे, तो आदिवासींचा आहे म्हणून. लौकिक अर्थ गळालेला आणि कलामूल्याची कसोटीही न लावलेली ही जी तिसरी अवस्था, तिला नमुना म्हणता येईल. वाल्टर बेन्यामिनने १९३० च्या दशकात कलाकृतीचे पूजामूल्य आणि प्रदर्शनमूल्य यांत भेद केला होता. नमुन्याच्या ठिकाणी प्रदर्शनमूल्यही उसने असते, कारण प्रदर्शित होते ती कला नव्हे, तर शहराची स्वतःची विविधता.

याचा अर्थ कलेने गाव सोडताच तिचा ऱ्हास होतो, असा नव्हे. कोकणातील जाखडी आणि शक्ती-तुरा गिरणगावात आले, चाळींच्या पटांगणांतून परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या रंगमंचावर गेले, तिकिटे लावून झाले. तरीही ते नमुना झाले नाहीत. समोर बसलेल्याला सवाल कळत होता आणि जबाब चुकला तर तोही कळत होता. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव विस्कटले, तरी तो श्रोता पुरता नाहीसा झाला नाही. तेव्हा दोष रंगमंचाचा नाही. चूक ओळखू शकणारा प्रेक्षक नसणे, हा दोष आहे.

नागर कलाकृतींनी हा प्रेक्षक घडवला काय? गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’ या कादंबरीने आणि तिच्यावरील जब्बार पटेलांच्या चित्रपटाने (१९७७) कर्नाळा परिसरातील ठाकरांना मराठी मध्यमवर्गाच्या भावविश्वात आणले. नाग्याचा ढोल तेथे शोभेचा नाही; तो त्याच्या वैराचा आणि श्रद्धेचा भाग आहे. हे त्या कृतींचे यश नाकारता येत नाही. परंतु ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांनी मराठी कानाला ठाकरी लयीची जी गोडी लावली, तिच्यामुळे पुढे खऱ्या नाचाकडूनच त्या गोडीची अपेक्षा होऊ लागली असावी. प्रतिमा मूळ वस्तूची परीक्षक बनते, ती अशी.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागेल. नाचणाऱ्यांना मानधन मिळते, मान मिळतो, आणि वीटभट्टीवरच्या मजुरीपेक्षा रंगमंच त्यांना बरा वाटत असेल, तर समीक्षकाने शुद्धतेचा आग्रह धरण्याचे कारण काय? आक्षेप रास्त आहे. शुद्धतेचा आग्रह हाही नमुनाच मागण्याचा प्रकार होय. मात्र मग मान कलावंताचा असला पाहिजे. वाजवणाऱ्याचे नाव पत्रिकेत छापणे, नाचाची लांबी त्याला ठरवू देणे, त्याच्यावर परीक्षण लिहिणे, या साध्या गोष्टी आहेत. शास्त्रीय गायकाच्या बाबतीत त्या गृहीतच धरल्या जातात.

जतनाच्या भूमिकेची खरी परीक्षा १९ जुलै २०२३ च्या रात्री झाली. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. वाचलेल्यांसाठी चौक परिसरात नवी वसाहत उभी राहिली. त्याच चौक परिसरात २००५ पासून चित्रपटांसाठी राजवाडे आणि किल्ले उभारणारा स्टुडिओ आहे. तेथील भिंती दिसण्यापुरत्या असतात आणि तसे असण्यात काही गैर नाही. नेपथ्याचा तो धर्मच आहे. वस्तीचा धर्म वेगळा. फेर धरायला अंगण लागते, एकमेकांच्या पावलांची सवय असलेली माणसे लागतात, कोणाच्या लग्नात कोण वाजवतो याची आठवण लागते. वाडी गेली तेव्हा हे सारे एकदम गेले. महोत्सवांनी जतन केलेल्या काही मिनिटांतून त्यातले काहीही परत उभे करता येणार नाही. वाचलेल्यांनी नव्या वसाहतीत गौरीचा फेर धरला, तर तो धरणे हेच जतन होय. आणि तो पाहायला कोणी बाहेरचे आले नाही, म्हणून त्याच्या मूल्यात काही उणे येणार नाही.