‘युफोरिया’ : कुमारवयाची वाणी आणि प्रौढाची दृष्टी

कुमारवयाचे चित्रण करू पाहणाऱ्या प्रत्येक कलाकृतीपुढे एक मूलभूत अडचण उभी असते. ज्या वयाविषयी ती बोलते त्या वयात ती सहसा निर्माण होत नाही. अनुभव सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा असतो. त्या अनुभवाला आकार देणारा लेखक मात्र ते वय मागे टाकून पुष्कळ पुढे आलेला असतो. जे. डी. सॅलिंजर यांची ‘द कॅचर इन द राय’ ही कादंबरी १९५१ साली प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्या लेखकाचे वय ३२ वर्षांचे होते. कादंबरीत ही अडचण भाषेच्या बळावर ओलांडता येते. होल्डन जे सांगतो तेवढेच वाचकाला दिसते. त्याची वाणी हीच वाचकाची दृष्टी होते. दूरचित्रवाणीच्या माध्यमात मात्र या दोहोंची फारकत होऊ शकते. शब्द निवेदकाचे असतात, परंतु चौकट दिग्दर्शकाची असते. ‘युफोरिया’ या अमेरिकन मालिकेचे सामर्थ्य आणि तिचे वैगुण्य ही दोन्ही या फारकतीतूनच उद्भवली आहेत.

ही मालिका एचबीओ वाहिनीवर जून २०१९ मध्ये सुरू झाली. रॉन लेशेम यांच्या त्याच नावाच्या इस्रायली मालिकेवर ती आधारलेली आहे. परंतु तिचे अमेरिकन रूप सिद्ध करताना सॅम लेव्हिन्सन यांनी मूळ सांगाड्यात स्वतःच्या तरुणपणातील व्यसनाधीनतेचा अनुभव ओतला, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. मालिकेतील मुले शाळेत असतानाचा काळ २०१९ व २०२२ या दोन पर्वांत आणि त्यांच्या मधल्या दोन विशेष भागांत येतो. प्रस्तुत विवेचन तेवढ्यापुरतेच मर्यादित आहे.

या मालिकेविषयी जो वाद झाला तो बव्हंशी नीतीचा होता. पॅरेंट्स टेलिव्हिजन कौन्सिल या संस्थेने २०१९ मध्ये पहिला भाग दाखवला जाण्यापूर्वीच तिच्याविरुद्ध आवाज उठवला. अमली पदार्थांविरुद्ध शिक्षण देणाऱ्या ‘डेअर’ या संस्थेने २०२२ मध्ये तिच्यावर व्यसनाच्या उदात्तीकरणाचा आरोप केला. समर्थकांचे उत्तर असे, की आजच्या मुलांचे जीवन असेच आहे आणि वडीलधाऱ्यांनी ते डोळे उघडून पाहिले पाहिजे. वरकरणी हे दोन पक्ष परस्परविरोधी वाटतात. परंतु मालिकेत दिसते ते कुमारवय जसे आहे तसेच दिसते, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. दाखवावे की दाखवू नये, एवढ्यावरच त्यांचा मतभेद आहे. हे पाहणारी दृष्टी कोणाची, हा खरा वाङ्मयीन प्रश्न दोघांनीही विचारलेला नाही.

वाणीचा विचार केल्यास मालिकेचे यश निःसंशय मोठे आहे. कथा सांगते ती रू बेनेट ही सतरा वर्षांची मुलगी. ११ सप्टेंबर २००१ नंतर तीनच दिवसांनी तिचा जन्म झालेला आहे. कर्करोगाने खंगत चाललेल्या बापाच्या औषधांतूनच तिला व्यसनाची वाट सापडली. एकदा ती मरणाच्या दारी पोचली असताना धाकट्या बहिणीनेच तिला पाहिले. व्यसनमुक्ती केंद्रातून ती घरी परतते तेव्हा व्यसन सोडण्याचा तिचा मुळीच विचार नसतो, आणि प्रेक्षकापासून ती हे लपवीतही नाही. तिच्या बोलण्यात कोरडा विनोद आहे, थकवा आहे आणि स्वतःविषयीची कणव टाळण्याचा एक विलक्षण निग्रह आहे. झेंडाया या अभिनेत्रीने ही वाणी इतक्या संयमाने पेलली, की २०२० आणि २०२२ या दोन्ही वर्षी तिला एमी पुरस्कार मिळाला.

मात्र ही वाणी जे सांगते तेच दृष्टी पाहते असे नाही. पहिल्या पर्वातील बहुतेक भागांच्या आरंभी एकेका पात्राचे बालपण रूच्याच निवेदनातून सांगितले जाते. नेट जेकब्स या मुलाला अकराव्या वर्षी बापाच्या गुप्त चित्रफिती सापडल्या, हे रूला कसे कळले? या सर्वज्ञतेला नाट्यात आधार नाही. सर्वज्ञता लेखकाची आहे. मुलीच्या तोंडी ती केवळ घातलेली आहे. शिवाय प्रत्येक आयुष्याच्या मुळाशी एक जखम आणि त्या जखमेचे फळ म्हणून आजचे वर्तन, ही कार्यकारणाची मांडणीदेखील प्रौढाचीच आहे. सतरा वर्षांच्या मुलांना आपले जीवन इतके सुसूत्र दिसत नाही. तसे ते दिसते, तर त्यांची अर्धी व्यथा नाहीशी झाली असती.

चित्रांच्या बाबतीत हा विसंवाद अधिक तीव्र होतो. छायालेखक मार्सेल रेव्ह यांचा जांभळा-निळा प्रकाश, चेहऱ्यावर चमकणारी रंगभूषा, नशेत चालणाऱ्या रूभोवती गरगर फिरणारा घरातील बोळ, ही दृश्ये असामान्य सुंदर आहेत. नशेचे आकर्षण न दाखवता व्यसनाची कथा प्रामाणिकपणे सांगता येणार नाही, हे समर्थन रास्त आहे. परंतु तोच प्रकाश नशेत नसलेल्या मुलामुलींवरही पडतो. तीच लोलुप सावकाशी त्यांच्या उघड्या शरीरांवरही रेंगाळते. ही शरीरे वयात आलेल्या नटनटींची आहेत, शाळकरी मुलांची नव्हेत, ही गोष्टही येथे महत्त्वाची ठरते. प्रेक्षकाच्या कानी मुलांचे दुःख पडते. डोळ्यांपुढे प्रौढांचे शरीरसौंदर्य उभे राहते. क्षेमेंद्राने ज्याला औचित्य म्हटले, त्याचाच हा भंग होय. दोष सौंदर्यात नाही, त्याच्या स्थानात आहे.

जेथे वाणी आणि दृष्टी एक होतात, तेथे मात्र ही मालिका फार उंची गाठते. पहिल्या पर्वाच्या सातव्या भागात खिन्नतेने ग्रासलेली रू अंथरुणातून उठून मोरीपर्यंतही जाऊ शकत नाही. घटना म्हटले तर काहीच नाही. पण त्या क्षुल्लक अंतराएवढीच तिची दृष्टी आखडली आहे, आणि चौकटही तेवढीच आखडते. डिसेंबर २०२० मधील विशेष भाग महामारीच्या निर्बंधांत तयार झाला. नाताळच्या आदल्या रात्री एका उपाहारगृहात रू आणि अली हा व्यसनमुक्तीच्या वाटेवरचा तिचा वडीलधारा सोबती समोरासमोर बसून बोलतात. अलीने स्वतःही कुटुंबावर आघात केलेले आहेत. म्हणून त्याला उपदेश करण्याचा अधिकार नाही, ऐकण्याचा मात्र आहे. येथे प्रौढ माणूस मुलीच्या वाणीआड लपत नाही. तो समोर येऊन बसतो, आणि त्यामुळेच तिची वाणी प्रथमच पूर्णपणे तिची होते.

दुसरा विशेष भाग जानेवारी २०२१ मध्ये आला. तो ज्यूल्सचा आहे आणि त्याच्या लेखनात ती भूमिका करणाऱ्या हंटर शेफर यांचा वाटा आहे. पुरुषांच्या नजरेला रुचेल असेच आपले स्त्रीत्व आपण घडवीत आलो, असे ज्यूल्स मानसोपचारतज्ज्ञ बाईंपुढे कबूल करते. मालिकेच्या दृष्टीवरील सर्वांत मार्मिक टीका अशा रीतीने मालिकेतच उच्चारली जाते. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस लेक्सी ही अबोल मुलगी आपल्या मित्रमैत्रिणींच्या जीवनावर शाळेत नाटक बसवते. त्या नाटकाला लखलखाट नाही असे नाही. पण पाहणारी त्यांच्याच वयाची आहे. काहींना ते सहन होत नाही. रूला मात्र ते पाहून स्वतःचा द्वेष न करता आपले जीवन प्रथमच पाहता येते.

हे उमगूनही मालिका आपल्या सवयीवर मात करू शकत नाही. दुसऱ्या पर्वाच्या पाचव्या भागात रूच्या अधःपाताला जवळजवळ एक पूर्ण तास दिलेला आहे. ती आईशी भांडते, बहिणीला दुखवते, मोटारीतून निसटते, रात्रभर पळत सुटते; तो तास खरोखरच थरारक आहे. उरलेले शालेय वर्ष ती व्यसनापासून दूर राहिली, ही बातमी मात्र पर्वाच्या शेवटी केवळ निवेदनातून, दोन-चार वाक्यांत कळते. पतन दृष्टीच्या वाट्याला आले. सावरणे केवळ वाणीच्या. व्यसन सोडलेल्या मुलीची सकाळ, शाळेतील कंटाळवाणा तास, आईशी पुन्हा जुळत जाणारे साधे बोलणे यांत झगमगणारे काही नसते. म्हणूनच बहुधा चौकटीला तेथे पाहण्यासारखे काही दिसले नाही.

या मालिकेने फार दाखवले, हा आक्षेप म्हणून अपुरा आहे. जे दाखवणे सर्वांत अवघड होते तेच तिने दाखवले नाही, हा खरा आक्षेप होय. मुलांच्या दुःखाला तिने अस्सल वाणी दिली, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्या मुलीच्या पडण्याकडे आपण तासभर टक लावून पाहतो, तिच्या उठण्याकडे पाहण्याइतका धीर ज्या दृष्टीजवळ नाही, ती दृष्टी कितीही सुंदर असली तरी त्या मुलीची नव्हे.