एका जर्मन फडणिसाचें वेशपुस्तक

पोषाखावरील ग्रंथाचें परीक्षण या त्रैमासिकांत कशाला, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटण्याचा संभव आहे. सनदा, महजर, शकावल्या, कीर्दी आणि खतावण्या हीं इतिहासाचीं साधनें; अमक्यानें कोणत्या रंगाचा अंगरखा घातला होता हा प्रश्न नाटकमंडळींचा, असा एक समज आपल्यांत रूढ आहे. हा समज आम्हांस मान्य नाहीं. तो कां मान्य नाहीं हें सांगण्यास एका जर्मन हस्तलिखिताइतकें सोईचें उदाहरण दुसरें नसल्यामुळें त्याच्या मुद्रित आवृत्तीचा परामर्श येथें घेत आहों.

हें हस्तलिखित ऑग्सबुर्ग शहरच्या माथेउस श्वार्ट्‌झ याचें वेशपुस्तक होय. त्याची इंग्रजी आवृत्ति उलिंका रुब्लाक व मारिया हेवर्ड या दोन विदुषींनीं सिद्ध करून २०१५ सालीं लंडन येथें प्रसिद्ध केली. तिचें नांव मराठींत 'फॅशनचें पहिलें पुस्तक' असें सांगतां येईल. माथेउसच्या पुस्तकाबरोबर त्याचा मुलगा फाइट कोनराड याचेंही लहानसें वेशपुस्तक तींत आहे. दोन्ही मूळ प्रती जर्मनींतील ब्राउनश्वाइग येथील हेर्त्सोग आन्तोन उलरिख संग्रहालयांत आहेत. वडिलांच्या पुस्तकाच्या उत्तरकालीन नकला हॅनोव्हर व पॅरिस येथील ग्रंथालयांत आढळतात. हें साधन आजच उजेडांत आलें असें नव्हे. राइखार्ड यानें १७८६ त माग्देबुर्ग येथें त्याचें वर्णन छापलें होतें आणि आउगुस्ट फिंक यानें १९६३ त बर्लिन येथें त्याची विद्वत्तापूर्ण चिकित्सा केली. परंतु जेथें रंग हाच मजकूर आहे तेथें सर्व पानें रंगांत पाहावयास मिळणें ही केवळ शोभेची गोष्ट नाहीं. शिलालेखाच्या ठशाचें जें महत्त्व, तेंच येथें रंगीत छापणीचें.

माथेउस श्वार्ट्‌झ हा १४९७ त जन्मला. तरुणपणीं इटलींत जाऊन त्यानें जमाखर्चाची विद्या संपादन केली आणि परत येऊन फुगर घराण्याच्या पेढींत तो प्रथम याकोब व पुढें आंटोन फुगर यांचा मुख्य हिशेबनीस झाला. आपल्याकडील शब्दांत सांगावयाचें तर हा फुगरांचा फडणीस. सम्राटांस कर्ज देणाऱ्या त्या पेढीचें एक चित्र याच पुस्तकांत आहे. याकोब फुगर उभा आहे, श्वार्ट्‌झ मेजाशीं बसून लिहीत आहे आणि मागील कपाटाच्या खणांवर रोम, व्हेनिस, क्राको, लिस्बन अशीं शहरांचीं नांवें आहेत. आपल्या जुन्या दप्तरांतील रुमालांवरच्या चिठ्ठ्या ज्यांनीं हाताळल्या आहेत, त्यांस हें चित्र पाहून परकें वाटणार नाहीं.

२० फेब्रुवारी १५२० रोजीं, तेविसावें वर्ष पूर्ण झाल्या दिवशीं, त्यानें हा उद्योग आरंभिला. नार्ट्‌सिस रेन्नर नांवाच्या चित्रकाराकडून त्यानें जन्मापासून तोंपर्यंतचे आपले वेश ३६ चित्रांत काढवून घेतले व नंतर १५६० पर्यंत नवीं चित्रें भरीत गेला. एकूण चित्रें १३७. बहुतेक चित्रांवर काळ, वय, कापड आणि प्रसंग यांची नोंद आहे. आरंभीं तो आपला हेतु सांगतो: वडीलधाऱ्यांस त्यांच्या जुन्या पोषाखांविषयीं विचारण्याची त्यास लहानपणापासून हौस होती. तीस, चाळीस, पन्नास वर्षांपूर्वींचे वेश चित्रांत पाहून त्यास नवल वाटलें आणि आपलेही वेश काढून ठेवले तर कांहीं वर्षांनीं त्यांचें काय दिसेल, हें पाहावेंसें वाटलें. हा उद्गार शिंप्याचा नव्हे, संग्राहकाचा आहे. आपण जें घालतों तें उद्यां जुनें होणार, ही जाणीव ठेवून ज्यानें लिहिलें तो आमच्याच पंथाचा.

नोंदींत हिशेबनिसाचा हात पदोपदीं दिसतो. एका डब्लेटला, म्हणजे अंगास घट्ट बसणाऱ्या बंडीला, ४८०० चिरा पाडल्या होत्या, असा तो आंकडा देतो. शोकाचे काळे वेश त्यानें लग्नसमारंभाच्या भडक वेशांइतक्याच काळजीनें नोंदले आहेत. १५२६ त त्यानें आपलीं दोन नग्न चित्रें, एक पुढून व एक मागून, काढवून घेतलीं आणि आपण लठ्ठ झालों असल्याची कबुली शेजारीं लिहिली. केवळ मिरविण्यासाठीं पुस्तक करणारा मनुष्य हें पान फाडून टाकता. शेवटचें चित्र १५६० चें, आंटोन फुगरच्या मृत्यूनंतरच्या शोकवेशांतील वृद्धाचें. पहिल्या पानांवरील बाळ व हा म्हातारा यांच्यामध्यें एका मनुष्याचें सबंध आयुष्य कापडाच्या खुणांनीं मोजलेलें आहे.

संपादिकांच्या विवेचनाचा उत्तम भाग १५३० सालाविषयींचा आहे. त्या वर्षीं सम्राट पांचवा चार्ल्स याची राजसभा ऑग्सबुर्ग येथें भरली. त्या प्रसंगासाठीं श्वार्ट्‌झनें लाल-पिवळा रेशमी थाट करविला. त्याच वर्षीं, त्याच शहरांत, त्याच राजसभेंत कोणत्या दर्जाच्या मनुष्यानें कोणतें कापड वापरावें यासंबंधीं कायदाही झाला. म्हणजे एकीकडे वेश बांधून देणारा कायदा आणि दुसरीकडे त्याच्या कक्षेंत आपली जागा रेशमानें राखणारा हिशेबनीस, असे दोन पुरावे एका ठिकाणीं मिळतात. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. श्वार्ट्‌झचा आजा उलरिख हा ऑग्सबुर्गचा नगराध्यक्ष होता आणि १४७८ त त्याच शहरानें त्यास फांसावर चढविलें. ज्या गांवांत आजाला फांशी झाली त्या गांवांत नातवाला मान ताठ ठेवून चालावयाचें होतें. अशा मनुष्यास पोषाख हा छंद नसून सुरक्षिततेचें कवच होतें, असें म्हणण्यास आम्हांस दिक्कत वाटत नाहीं. १५४१ त सम्राटानें त्यास सरदारकी दिली, तेव्हां त्या कवचाचें काम पुरें झालें.

आतां आमचे आक्षेप. पहिला ग्रंथनामाविषयीं. फॅशनचें पुस्तक म्हटलें म्हणजे तें वाचकास कांहीं शिकवितें, अमुक घाला व अमुक टाळा असें सांगतें. श्वार्ट्‌झ कोणासही कांहीं शिकवीत नाहीं. तो नोंद करतो. हा भेद शाब्दिक नाहीं. लंडनचें 'टेलर अँड कटर' हें १८६६ पासून निघूं लागलेलें नियतकालिक, अमेरिकेंतील 'अ‍ॅपॅरेल आर्ट्‌स' हें १९३१ त सुरू झालेलें व्यापाऱ्यांचें त्रैमासिक, बर्नहार्ड रोट्‌झेलचें 'जेंटलमन' किंवा अ‍ॅलन फ्लसरचें २००२ चें 'ड्रेसिंग द मॅन' हीं सर्व विधिग्रंथाच्या जातीचीं आहेत. लोकांनीं काय घालावें असें जाणत्यांस वाटत होतें, एवढेंच त्यांवरून सिद्ध होतें. लोकांनीं काय घातलें, हें सिद्ध होत नाहीं. स्मृतिग्रंथांवरून समाजाचा प्रत्यक्ष आचार ठरविण्यांत जी चूक होते, तीच येथें होईल. शिवाय अशा ग्रंथांस अभिजात वेश हा कालातीत आहे असें भासविण्याची हौस असते. श्वार्ट्‌झ प्रत्येक पानावर साल घालतो. इतिहासकारास साल घालणारा पाहिजे. या जातींतही 'अ‍ॅपॅरेल आर्ट्‌स'च्या जुन्या अंकांस आम्ही वेगळी जागा देऊं, कारण त्यांत खऱ्या कापडाचे तुकडे चिकटविलेले असत. पुनर्मुद्रणांत ते तुकडे चित्ररूप होतात आणि पुरावा तेथेंच संपतो.

दुसरा आक्षेप साधनाच्या मर्यादेविषयीं. प्रारंभींचीं ३६ चित्रें वगळलीं तर चाळीस वर्षांच्या वांट्यास १०१ चित्रें येतात, म्हणजे वर्षास सरासरी अडीच. एवढ्यावरून श्वार्ट्‌झचा रोजचा वेश कोणता, हें सांगतां येणार नाहीं. त्यास जपून ठेवावेसे वाटले तेवढे वेश आपल्यापुढें आहेत. शिवाय त्या आरंभींच्या चित्रांतील बरेंचसें स्मरणावर व ऐकीव माहितीवर काढलेलें असणार. त्यांस समकालीन पुराव्याचा दर्जा देतां कामा नये. हा भेद वाचकानें पानोपानीं जागा ठेवला पाहिजे.

तिसरी गोष्ट पुनर्रचनेची. १५३० चा तो वेश जेनी तिरामानी यांनीं जुन्या पद्धतीनें प्रत्यक्ष शिवून दाखविला, त्याची हकीकत ग्रंथांत आहे. आजच्या हातानें शिवलेलें कापड हा १५३० चा पुरावा नव्हे, हें उघड आहे. परंतु तें चित्र तपासण्याचें उत्तम साधन आहे. बंडी व विजार नाड्यांनीं एकमेकींस बांधल्यावर अंग कसें ताठ राहतें, ही गोष्ट चित्र पाहून तर्कानें कळते. शिवून, घालून पाहिल्यावर ती अनुभवास येते. ताम्रपटाचें लेखन खरें कीं खोटें हें ठरवितांना आपण स्वतः अक्षरें गिरवून पाहतों, त्यांतलाच हा प्रकार. ही रीत आम्ही प्रशंसनीय समजतों.

फाइट कोनराडनें १५६१ त वडिलांच्या अनुकरणानें ४१ चित्रांचें पुस्तक केलें आणि थोड्याच काळांत तें सोडून दिलें. या दुसऱ्या पुस्तकाचें मोल कमी आहे, परंतु तें एक धडा देतें. संग्रहबुद्धि वारशानें मिळत नाहीं. बापानें चाळीस वर्षें जपलेली गोष्ट पोराच्या हातीं लवकरच थंडावते.

हा धडा आमच्या वाचकांस नवा नाहीं. वाड्यांच्या माळ्यांवर दप्तरें चाळतांना सनदापत्रें निवडून घ्यावयाचीं आणि शिंप्याच्या मजुरीच्या, कापडखरेदीच्या, रंगाऱ्याच्या हिशेबाच्या यादी 'निरुपयोगी' म्हणून परत गांठोड्यांत टाकावयाच्या, हा प्रमाद आम्हीही केलेला आहे. त्यांतलें एक गांठोडें पुन्हा पाहावयास गेलों तेव्हां तें रद्दींत गेलें होतें. मालकास दोष देण्यास आम्हांस तोंड नव्हतें, कारण निरुपयोगी हा शब्द आमचाच होता. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं १९५१ त भारतीय वेशावर ग्रंथ लिहून हा विषय शास्त्राच्या पंक्तीस बसविला, त्यालाही बराच काळ लोटला. तरी अशा यादी जपण्याची रीत आमच्यांत अद्याप पडलेली नाहीं.

एकंदरींत हा ग्रंथ संग्रहीं ठेवण्याजोगा आहे. ग्रंथनामांतील अतिशयोक्ति आणि स्मरणचित्रांची मर्यादा वाचकानें ध्यानांत ठेवावी. मग उरतो तो चारशें पाउणशें वर्षांपूर्वींचा एक दक्ष हिशेबनीस, ज्यानें पेढीचा जमाखर्च लिहिला तसाच स्वतःच्या देहाचाही लिहिला आणि कोठेंही खाडाखोड करून शिल्लक वाढवून दाखविली नाहीं. अशी कीर्द आपल्या मुलखांत कोणाच्या घरीं असेल, तर ती रद्दींत जाण्यापूर्वीं आम्हांस कळवावी, एवढीच वाचकांस विनंति.